शस्त्रक्रियेपूर्वीचे महिने : हृदयाला छिद्र असलेले बाळ आणि घरातील दोन मुले

आमच्या धाकट्या मुलीच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते. ती दीड महिन्याची असताना ते लक्षात आले आणि आठव्या महिन्यात शस्त्रक्रियेने ते बंद करण्यात आले. या दोहोंच्या मध्ये गेलेल्या काळाविषयी मला लिहायचे आहे. शस्त्रक्रिया कशी होते, तिला किती वेळ लागतो, तिचे धोके कोणते, हे डॉक्टर समजावून सांगतात. पण त्याआधीचे कित्येक महिने बाळ घरी असते, त्याच घरात आणखी लहान मुले असतात, त्यांची शाळा असते, त्यांना सर्दी होते, त्यांचे हट्ट असतात, आणि या सगळ्यांतून बाळाचे वजन वाढवण्याचे व त्याला जंतुसंसर्गापासून जपण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते. बाळ शस्त्रक्रियेपर्यंत सुखरूप पोचते ते या घरच्या कामामुळे, आणि थोरल्या भावंडांना त्यापासून दूर न ठेवता त्यात सामील करून घेतले तर ते काम निभावते, असे मला ठामपणे वाटते.

आम्ही डिचोली तालुक्यात मये गावी राहतो. थोरली त्या वर्षी पहिलीत जाणार होती आणि मधला मुलगा तीन वर्षांचा होता. यजमान डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जात, मी घरी गावातील मुलांच्या शिकवण्या घेत असे, आणि सासूबाई आमच्याबरोबरच राहतात.

धाकटीचा जन्म फेब्रुवारीत म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात झाला. दिवस पूर्ण भरले होते, वजन 2 किलो 900 ग्रॅम होते आणि घरी सोडण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांनी तपासले तेव्हा काहीही वावगे आढळले नाही. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीतही काही दिसले नव्हते. हृदयाच्या पडद्यातील छिद्र त्या तपासणीत पुष्कळदा दिसत नाही, असे पुढे कळले. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तिचे पिणे मला निराळे वाटू लागले. दोन मुलांना अंगावर पाजलेले असल्याने भुकेलेले बाळ कसे पिते हे मला माहीत होते. ही भुकेने रडत पदराखाली येई, थोडे घोट घेई, मग थांबून भराभर श्वास घेई आणि दमून झोपी जाई. अर्ध्या तासाने पुन्हा रडत उठे. पिताना तिच्या कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब येत. मार्चचा उकाडा आहे, म्हणून घाम येतो, असे सगळे म्हणत. पण पहाटे, पंखा चालू असताना, अंगात नुसते झबले असतानाही तो येई आणि तिचे डोके माझ्या दंडावर जिथे टेकलेले असे तेवढी जागा ओली होई.

दीड महिन्याच्या लसींसाठी तिला आरोग्य केंद्रात नेले तेव्हा मी हे सर्व तिथल्या सिस्टरना सांगितले. त्यांनी वजन केले, काटा शून्यावर आणून पुन्हा केले, आणि माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखात टिंब मांडून ते मला दाखवले. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळाचे वजन दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅमने वाढते. हिचे त्याच्या निम्म्यानेही वाढलेले नव्हते. डॉक्टरांनी तिला माझ्या मांडीवर झोपलेलीच राहू दिली आणि पूर्ण एक मिनिट तिचे पोट वर-खाली होताना मोजले. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 च्या आत असावे लागतात. हिचे सत्तरीच्या घरात होते. नंतर त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ तो हलवला नाही. ठोक्यांबरोबर एक वेगळा आवाज येतो आहे, बांबोळीला दाखवायला हवे, असे सांगून त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली. 2013 पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या तपासणीची आणि पुढील उपचारांची तरतूद आहे, हे आम्हांला त्या चिठ्ठीमुळेच समजले.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तिची एको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. अंधाऱ्या खोलीत बाळ शांत पडून राहावे लागते, म्हणून आधी तिला पाजले आणि झोप लागल्यावर आत नेले. तपासणीनंतर डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर चार कप्प्यांचे हृदय काढले आणि खालच्या दोन कप्प्यांमधील भिंतीत पेनाने एक गोल केला. छिद्र सुमारे 7 मिलिमीटरचे होते. वैद्यकीय भाषेत याला व्हीएसडी म्हणतात आणि हृदयाच्या जन्मजात दोषांमध्ये हा सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे. दर हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, हे ऐकून त्या क्षणी मला विचित्र धीर आला. लहान छिद्रे बहुधा आपोआप बुजतात; आमच्या मुलीचे इतके मोठे होते की ते बुजण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. डाव्या कप्प्यातील शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे जाते आणि तिथून पुन्हा फुप्फुसांत. त्यामुळे फुप्फुसे रक्ताने भरून राहतात, श्वास वाढतो, हृदयाला दुप्पट राबावे लागते आणि बाळ जे काही पिते ते त्या श्रमातच खर्च होते. फार उशीर केला तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड व कठीण होतात आणि मग छिद्र बंद करणेही हिताचे उरत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करायची, तोवर औषधांनी हृदयावरचा भार कमी ठेवायचा आणि वजन पाच किलोंच्या पुढे न्यायचे, असे ठरले. वजनाचे काम घरी करायचे होते.

जन्माच्या वेळी तपासणीत काही आढळले नाही आणि आता एवढे मोठे छिद्र कसे निघाले, हा प्रश्न सासूबाईंनी मला घरी विचारला. हे छिद्र नंतर पडले असावे, कोणाची तरी नजर लागली असावी, असे त्यांना वाटत होते. यजमानांनी त्यांना शेतीच्या भाषेत समजावले, आणि ते मला आजही चपखल वाटते : दोन कुणग्यांमधल्या (भातखाचरांमधल्या) मेरेला, म्हणजे बांधाला, भगदाड असले तरी दोन्हीकडे पाणी सारख्या पातळीचे असेपर्यंत ते कळत नाही, एकीकडची पातळी उतरली की पाणी धावू लागते. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसांकडील रक्ताचा दाब हळूहळू उतरतो आणि तेव्हा छिद्रातून रक्त जोराने जाऊ लागते, आवाजही तेव्हाच ऐकू येतो. सासूबाईंनी भातशेतीत आयुष्य काढले आहे. त्यांना हे ताबडतोब पटले.

दुसरा प्रश्न त्यांनी पुढच्या खेपेला बांबोळीला येऊन स्वतः डॉक्टरांना विचारला. गरोदरपणी ग्रहण होते, सुनेने तेव्हा पथ्य पाळले नाही, त्यामुळे असे झाले का? डॉक्टर तरुण होत्या, त्यांनी हसण्यावारी नेले नाही. बाळाच्या हृदयाची रचना पहिल्या आठ आठवड्यांतच पूर्ण होते, पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते, आणि आईच्या खाण्याने किंवा ग्रहणाने भिंतीत छिद्र राहत नाही, हे त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यांत पाहून शांतपणे सांगितले. त्या दिवसापासून घरात तो विषय कोणी काढला नाही, आणि शेजारी कोणी काढला तर सासूबाईच उत्तर देऊ लागल्या. ज्या घरांत अशी कुजबूज चालते त्या घरांतील मोठ्या माणसांना एकदा तरी डॉक्टरांसमोर बसवावे, असे मी आग्रहाने सांगेन. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत फार अंतर असते.

औषधांमध्ये लघवी वाढवून शरीरातील जास्तीचे पाणी कमी करणारी दोन औषधे होती. बाळाच्या वजनावर त्यांचे प्रमाण ठरते, म्हणून वजन वाढले की तेही बदलत असे. पातळ औषध सुई नसलेल्या छोट्या सिरिंजमध्ये ओढून गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडायचे, लगेच उलटी झाली तर मनाने पुन्हा न देता फोन करून विचारायचे, आणि दिवसभरात लंगोट किती वेळा ओले होतात यावर लक्ष ठेवायचे, असा नेम होता. मी एक वही घातली. तिच्यात औषधाची वेळ, किती दूध पोटात गेले, श्वास आणि दर आठवड्याचे वजन लिहीत असे. यजमानांची रात्रपाळी असली की औषध दिले की राहिले याविषयी शंका उत्पन्न होई, ती वहीमुळे संपली. बांबोळीलाही डॉक्टर प्रथम वही मागत आणि मग बाळाला तपासत.

खरी कसोटी दूध पाजण्याची होती. अशा बाळाला निरोगी बाळापेक्षा अधिक उष्मांक लागतात आणि ते घेण्याची ताकद मात्र कमी असते. जास्त वेळ पाजत राहिले तर जे मिळते त्याहून अधिक पिण्याच्या श्रमातच जाते, म्हणून अर्ध्या तासाच्या वर पाजू नये, असे आम्हांला सांगितले होते. त्यामुळे तिला आधी अंगावर घ्यायचे, ती दमली की थांबायचे आणि आधीच काढून ठेवलेले दूध बोंडल्याने द्यायचे, असा क्रम बसला. सासूबाईंनी फडताळातून चांदीचे जुने बोंडले काढले होते, पण त्याची चोच रुंद होती आणि धार मोठी पडे. रुग्णालयातून मिळालेले स्टीलचे लहान बोंडले बरे पडले, ते पाण्यात उकळूनही घेता येई. बाळाला जवळजवळ बसते धरून, चोच खालच्या ओठावर टेकवून, तिने जीभ पुढे केली की थेंबथेंब सोडायचे आणि ती श्वास घ्यायला थांबली की आपणही थांबायचे. घाई केली की ठसका लागतो. स्तनातील शेवटचे दूध अधिक स्निग्ध असते, म्हणून ते वेगळे काढून ठेवण्याचे डॉक्टरांनी सुचवले. काढलेल्या दुधात खोबरेल तेलाचे ठरावीक थेंब घालायला आहारतज्ज्ञांनी सांगितले होते. हे त्यांनी मोजून दिले म्हणूनच आम्ही केले, मनाने काही वाढवले नाही. भेटायला येणारे मध चाटवा, घुटी द्या, वरचे पाणी पाजा असे सुचवत. वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे असते आणि हिच्या पोटात तर पाण्याने जागा अडवणेही परवडणारे नव्हते. सहा महिने पूर्ण झाल्यावर नाचणीच्या सत्त्वात लोणकढे तूप घालून आम्ही चमच्याने द्यायला लागलो आणि वजनाची रेषा प्रथमच जरा सरळ वर गेली.

रात्रीचे दूध काढणे, बोंडले उकळणे, पाजणे, पुन्हा काढणे यांत मी इतकी थकून जाई की दिवसा थोरल्या दोघांशी बोलायला त्राण उरत नसे. यजमान दिवसपाळीला असले की रात्रीचे एक पाजणे त्यांनी बोंडल्याने करायचे, असे आम्ही ठरवले. बाप पाजतो आहे याचे शेजाऱ्यांना नवल वाटले, पण त्यामुळे मला सलग चार तास झोप मिळू लागली आणि चार तास झोपलेली आई घरात किती फरक करते हे मुलांना आधी कळते.

थोरलीला आम्ही प्रथमपासून खरे सांगितले. बाळाच्या हृदयाच्या भिंतीत भोक आहे, त्यामुळे तिला दम लागतो, ती मोठी झाली की डॉक्टर ते शिवणार आहेत, एवढेच. पुष्कळ दिवसांनी, केस विंचरून घेताना, तिने विचारले की मी तिच्या पोटावर बाहुली ठेवली होती त्यामुळे तर भोक पडले नाही ना. ही भीती तिने किती दिवस मनात धरली असेल, याचा विचार मला अजून हलवून सोडतो. लहान मुले घरातील प्रत्येक वाईट गोष्टीचे कारण स्वतःत शोधतात, म्हणून “हे तुझ्यामुळे झालेले नाही” हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, स्पष्ट शब्दांत आणि अनेकदा सांगायला हवे.

त्याच सुमारास तिला शंभरपर्यंत आकडे येऊ लागले होते, आणि श्वास मोजण्याचे काम तिने मागून घेतले. बाळ झोपलेले असले की ती पाळण्याजवळ बसायची, मी फोनवर एक मिनिट लावायची, आणि झबले वर सरकवून उघड्या केलेल्या पोटाकडे पाहत ती ओठांतल्या ओठांत मोजायची. छातीपेक्षा पोटाकडे पाहिले तर मोजणे सोपे जाते. मीही मनात मोजत असे आणि आमचे आकडे एक-दोनच्या फरकाने जुळत. दोन महिन्यांनंतर श्वासांची मर्यादा मिनिटाला 60 वरून 50 वर येते. शांत झोपेत नेहमीपेक्षा श्वास बरेच वाढले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसले किंवा बाळ लागोपाठ दोन वेळा प्यायले नाही तर वाट न पाहता निघायचे, हे आम्हांला बजावलेले होते. वहीतील श्वासांच्या रकान्यात थोरलीचे मोठे, वाकडे आकडे आहेत. जबाबदारी माझीच होती, पण या घरात काय चालले आहे हे आपल्याला माहीत आहे, या समाधानाने ती रात्री शांत झोपू लागली.

मधल्याचे वेगळे होते. तीन वर्षांच्या मुलाला कारण सांगून पुरत नाही. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली, मी पाजायला बसले की त्याला नेमके तेव्हाच मांडीवर यायचे असे, आणि एकदा त्याने बाळाला चिमटाही काढला. त्याला रागावून काही साधले नाही. एक कोरी सिरिंज आम्ही त्याला दिली. बाळाच्या औषधाच्या वेळी तो आपल्या कापडी हत्तीला पाणी पाजू लागला, आणि घाम पुसायचे फडके आणून देण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याहून उपयोगी पडली ती संध्याकाळची वेळ. यजमान घरी असले की बाळाला घेऊन आत बसत आणि मी त्या दोघांना घेऊन तळ्याच्या रस्त्याने चालून येई. त्या वेळात मी बाळाविषयी बोलत नसे.

जून उजाडला तशी आमची काळजी वाढली. थोरलीची शाळा सुरू होणार, मधला अंगणवाडीत जाणार, आणि पावसाळ्यात घरोघरी सर्दी-खोकला. निरोगी मुलाला जे नाक गळण्यावर निभावते तेच विषाणू अशा बाळाच्या आधीच भरलेल्या फुप्फुसांत गेले तर जिवावर बेतू शकते. मी शिकवण्या बंद केल्या, कारण खोकणारी मुले पडवीत तासभर बसणे आम्हांला परवडणारे नव्हते. उत्पन्न घटले, ते यजमानांनी जादा पाळ्या करून भरून काढले. मधल्याला त्या वर्षी अंगणवाडीत पाठवले नाही. थोरलीची शाळा मात्र बुडवायची नाही असे आम्ही ठरवले. ती घरी आली की मागील दारी न्हाणीत हातपाय-तोंड साबणाने धुऊन, गणवेश बदलूनच आत येई. सर्दी असेल तेव्हा तिने बाळाच्या खोलीत यायचे नाही, दारातूनच बोलायचे. घरातील सर्वांनी फ्लूची लस घेतली. बाळाला ती सहा महिन्यांनंतरच देता येते, म्हणून तोवर भोवतालच्या माणसांनी घेणे हेच तिचे संरक्षण असते.

इतके करूनही जुलैत तिला संसर्ग झालाच. आधी नाक वाहिले, दुसऱ्या दिवशी खोकला, आणि त्या रात्री श्वास सत्तरीच्या पुढे गेला; बोंडले ओठाला लावले तरी ती तोंड फिरवू लागली. 108 ला फोन केला. पाऊस कोसळत होता, सासूबाई दोन्ही मुलांना कुशीत घेऊन पडवीच्या दारात उभ्या होत्या, आणि थोरलीने वही आणून माझ्या पिशवीत घातली. बांबोळीला तिला प्राणवायू लावला, नाकातून पोटात नळी घालून दूध सुरू केले. लहान श्वासनलिकांना सूज आली होती. विषाणूवर औषध नसते, शरीर त्यातून बाहेर पडेपर्यंत प्राणवायू, दूध आणि लक्ष, एवढेच करायचे असते. रात्रपाळीच्या एक वयस्क सिस्टर दर वेळी नळी तपासून जाताना “भिवपाची गरज ना” (भिण्याचे कारण नाही) असे कोकणीत म्हणत, आणि त्या ज्या स्वस्थपणे हात चालवत त्यामुळे ते खरे वाटे. फोंड्याहून माझी धाकटी बहीण घरी राहायला आली आणि मुलांची ही मावशी त्या काळात घराचा कणा झाली. आम्ही परतलो तेव्हा बाळाचे महिन्याभरात कमावलेले वजन उतरलेले होते आणि फुप्फुसे पूर्ण बरी होईपर्यंत शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे गेली.

त्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही मूळ घरी गेलो नाही. गोव्यातील घरांत याचा अर्थ काय होतो हे वाचकांना सांगायला नको. यजमान एकटे जाऊन माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट) बांधून आले, पूजेला बसले आणि दुपारी जेवून परतले. भरलेल्या घरात प्रत्येकजण बाळाला उचलून घेणार, गालाला हात लावणार, आणि त्यांतल्या कोणाला सर्दी असेल हे कळणार नव्हते. थोरल्या जाऊबाईंना वाईट वाटले. मी त्यांना फोन करून एकोचा कागद, वजन, शस्त्रक्रियेची तारीख सर्व सांगितले, तेव्हा त्यांनी नेवऱ्यांचा डबा पाठवला आणि इतरांची समजूत त्यांनीच घातली.

शस्त्रक्रिया मुंबईत करायचे ठरले होते, कारण माझे मामा तिथे राहतात आणि बाहेर महिनाभर राहायला घर हवे होते. कागदपत्रांचे काम यजमानांनी पाहिले. 2016 साली सुरू झालेल्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण कार्डावर बाळाचे नाव नसेल तर त्याचा उपयोग नाही; जन्मदाखला मिळताच ते काम करून घ्यावे. एका कार्यालयात आमचे पत्र सहीवाचून पडून राहिले आणि यजमानांना पाळी बुडवून तिथे बसावे लागले. मुंबईच्या रुग्णालयातील समाजसेविकेने खर्चाचा काही भाग विश्वस्त निधीतून मिळवून दिला. रक्तदाते आपण आणायचे होते. मामांच्या चाळीतील तरुणांनी ती चिंता मिटवली.

थिवीहून रात्रीच्या गाडीने निघण्यापूर्वी दोन्ही मुलांना आम्ही पुन्हा सर्व सांगितले. बाळाच्या छातीवर उभी चीर असेल, तिला नळ्या लावलेल्या असतील, आई-बाबा चवथीची सुट्टी संपून दिवाळीची जवळ आली की येतील. निघताना न सांगता, झोपेत सोडून जाण्याचा सल्ला काहींनी दिला होता. तो आम्ही मानला नाही. मधला रडला, पण सकाळी उठून आई नाही म्हणून घाबरला नाही.

शस्त्रक्रियेत हृदय काही वेळ थांबवून त्याचे काम यंत्राकडे देतात आणि हृदयाभोवतीच्या स्वतःच्याच आवरणाचा तुकडा छिद्रावर ठिगळ म्हणून शिवतात. ते तास कसे गेले याविषयी मला फारसे लिहिता येणार नाही. अतिदक्षता विभागात तिला प्रथम पाहिले तेव्हा श्वासाची नळी, छातीतून निघालेल्या नळ्या, हृदयाला जोडलेल्या बारीक तारा आणि हातापायांवरच्या पट्ट्या यांतून तिचा चेहरा शोधावा लागला. ओठांचा रंग मात्र इतका गुलाबी होता की मी दोनदा सिस्टरना विचारले, हे लिपस्टिकसारखे काही लावलेले आहे का. नाही, आता रक्त नीट फिरते आहे, असे त्या म्हणाल्या. श्वासाची नळी निघाल्यावर पहिल्यांदा तिला पाजले तेव्हा ती न थांबता प्यायली आणि कपाळ कोरडे राहिले.

घरी आल्यावरचे नियम थोरल्या दोघांना पाठ झाले. छातीचे हाड सांधायला सहा-आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलायचे नाही, एक हात मानेखाली व एक कुल्ल्यांखाली घालूनच घ्यायचे. पाहुणा आला की हे त्याला सांगण्याचे काम मधल्याने आपणहून घेतले. पुढील सहा महिने दातांचे किंवा अन्य कोणतेही छोटे काम करण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचे, कारण रक्तातून जंतू जाऊन नव्या ठिगळावर बसू शकतात. शस्त्रक्रियेत रक्त दिलेले असल्याने नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस लगेच लागू पडत नाही. ती काही महिने पुढे ढकलण्याची नोंद डॉक्टरांनी कार्डावर केली आणि आरोग्य केंद्रातील सिस्टरनी तारीख लक्षात ठेवून फोन केला. ज्यांच्या बाळाला रक्त द्यावे लागले आहे त्यांनी हे आवर्जून विचारावे.

औषधे एकेक करून बंद झाली. वजनाचे टिंब वर्षाच्या आतच आलेखाच्या मधल्या पट्ट्यात आले. मी शिकवण्या पुन्हा सुरू केल्या आहेत आणि मधला अंगणवाडीत जातो. शेवटच्या एको तपासणीत ठिगळाच्या कडेने रक्त झिरपत नाही, फुप्फुसांचा दाबही सर्वसाधारण आहे, असे दिसले. पुढची तपासणी वर्षाने आहे, आणि तिघांच्याही फ्लूच्या लसी पावसाळ्यापूर्वी द्यायच्या आहेत.